काचेवरचं नाणं

पडद्यावर तुमचा माणूस आडवा झाला, डाव संपला, की भाऊ स्टुलावरून उठून कोपऱ्यातल्या माठाकडे जायचे. स्टीलचा पेला भरायचे आणि हरलेल्या पोराच्या हातात द्यायचे. जिंकलेल्याच्या घशाला कितीही कोरड पडलेली असो, त्याला थांबावं लागे.

"पहिले हरलेल्याले पाणी," ते म्हणायचे. "जिंकलेल्याची तहान तशीही अर्धी झालेली असते."

या माणसाचं जबलपूरच्या नेपियर टाउनमधलं व्हिडिओ गेमचं दुकान माझ्यामुळे गेलं. मी दुकानाला कुलूप लावलं नाही, तक्रार केली नाही, कुठल्या कागदावर सही केली नाही. मला एक प्रश्न विचारला गेला आणि मी म्हणालो, "मुझे ठीक से पता नहीं." मला ठीक माहीत होतं. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत आलो की कॉम्प्युटर आले, जमाना बदलला, ते दुकान तसंही गेलंच असतं. गेलं असतं की नसतं, हे आता कोणीच सांगू शकत नाही, कारण मी ते पाहायची वेळच येऊ दिली नाही.

भाऊ मूळचे सराफ्यातले. घराणं सोनाराचं, विदर्भातून आजोबांच्या वेळी इकडे आलेलं. दुकानाच्या वाटण्या झाल्या तेव्हा त्यांनी आपला वाटा भावाला दिला आणि मिळालेल्या पैशात दिल्लीहून व्हिडिओ गेमच्या मशिनी आणल्या. सगळ्या सराफ्याने त्यांना वेड्यात काढलं. सोनं सोडून कोणी प्लायवूडची खोकी घेतं का? मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सोन्याच्या दुकानात माणूस येते तर पहिले भाव विचारते. इथे येते तर पहिले हसते. मले हसणारं गिऱ्हाईक पाहिजे होतं."

दवाखाना आणि कोचिंग क्लास यांच्या मधल्या अरुंद गाळ्यात चार मशिनी उभ्या होत्या. एक मारामारीची, एक विमानाची, एक मोटारीची, आणि एक नेहमी उघडून ठेवलेली. त्या उघड्या मशिनीत डोकं घालून भाऊ सोनाराच्या चिमट्याने काहीतरी करत असायचे. बटणाचा पत्रा झिजला तर घरातली चांदीची तार कापून टाका मारायचे. "माझ्या मशिनीचे बटण नाही, पैंजण आहेत," असं अभिमानाने सांगायचे. सगळी पोरं त्यांना 'भाऊ' म्हणत. हिंदी बोलणारी पोरं वर आदराने 'जी' लावून 'भाऊजी' म्हणत, तेव्हा ते कपाळाला हात लावायचे. "अरे, मी तुमचा भाऊजी काहून होऊ? तुमच्या बहिणीनं ऐकलं तर काय म्हणन!" पोरांना काही कळत नसे. आम्ही मराठी घरांतली दोघं-तिघं तेवढी हसायचो.

लाईट गेली की मात्र पाणी नाही. त्या काळी आमच्याकडे वीज येण्यापेक्षा जाण्याचीच सवय जास्त. ऐन डावात पडदा काळा झाला की पोरं हाय हाय करत आणि भाऊ अंधारातच खिशातून रुपया काढून पोराच्या तळहातावर ठेवत. "हे घे. तुले लाईटनं हरवलं, तू नाही हरला." आपलं हरणं आणि दुसऱ्याने केलेलं हरणं यांत फरक असतो, हे मला कुठल्या शाळेत शिकवलं गेलं नाही. त्या गाळ्यात शिकलो.

आता काचेवरच्या नाण्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या नाण्यावरच आहे. तुमच्यापैकी जे अशा दुकानांत वाढले असतील त्यांना हे सांगायची गरज नाही. एक जण खेळत असताना दुसऱ्याला पुढची बारी हवी असेल, तर तो आपला रुपया मशिनीच्या काचेच्या कडेवर ठेवायचा. त्याच्यामागचा त्याच्या शेजारी ठेवायचा. तोंडाने कोणी काही बोलायचं नाही. नाण्यांची ती ओळ म्हणजे रांग. कोणाचा रुपया कोणता, यावरून कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही. एखादा पोरगा आपला रुपया तिथेच ठेवून शेजारच्या क्लासला जाऊन यायचा, तरी त्याची बारी त्याच्यासाठी थांबलेली असे. काचेवरच्या रुपयाला स्वतः भाऊसुद्धा हात लावत नसत. धूळ पुसताना नाण्यांच्या अवतीभवतीनं फडकं फिरवत.

पैसे लावून खेळणं मात्र त्यांना अजिबात खपत नसे. हे मी छातीठोक सांगू शकतो, कारण पैसे लावताना पकडला गेलेला मीच होतो.

नववीत होतो. वर्गातल्या एका मित्राशी मी मारामारीच्या गेमवर पाच रुपयांची पैज लावली. कुजबुजत लावली होती, तरी भाऊंच्या कानावर गेली. त्यांनी मशीन बंद केली. ओरडले नाहीत. आपलं स्टूल दुकानाच्या मधोमध आणून ठेवलं आणि मला म्हणाले, "चढ. सगळ्यायले ऐकू जाईल असं सांग, काय केलं ते."

"भाऊ, फिर नहीं करूँगा."

"मले नको सांगू. मले तर माहीत आहे. ज्यायले माहीत नाही त्यायले सांग."

मी स्टुलावर चढलो. कान तापले होते. भिंतीकडे पाहत मी म्हणालो, "मैंने पैसे लगाके खेला." पोरं हसली. नंतर माझा मित्र चढला. तो उतरला तेव्हा भाऊंनी आधी मला आणि मग त्याला पाणी दिलं आणि मशीन चालू केली. पुन्हा कधी त्या गोष्टीचा उल्लेख नाही, टोमणा नाही, घरी निरोप नाही. माझे वडील फॅक्टरीत नोकरीला. त्यांना कळतं तर त्यांनी पट्टा काढला असता. भाऊंच्या दुकानात शिक्षा तेवढीच होती, आणि ती तिथेच संपत असे.

पुढे मी मोठा झालो, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. शहरात तेव्हा कॉम्प्युटर नुकते शिरत होते. ज्याला माउस धरता येई त्याच्याकडे लोक डॉक्टरकडे पाहावं तसे पाहत. मला स्वतःचं इंटरनेटचं दुकान टाकायचं होतं आणि जागा मिळत नव्हती. एक दिवस भाऊंचे घरमालक मला जिन्यात भेटले. वरच्या मजल्यावर राहायचे. मान खाली घालून हळूच म्हणाले, "नीचे वाला हिस्सा खाली हो जाए, तो कम्प्यूटर के लिए हम तुमको ही देंगे. किराया ज़रा ऊपर-नीचे देख लेंगे." मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत शेजारच्या कोचिंगच्या सरांनी तक्रार केली. त्यांच्या क्लासची पोरं गाळ्यात रमत, हे खरंच होतं. पण तक्रार तेवढीच नव्हती. सरांनी दारातून काचेवर मांडलेली नाण्यांची ओळ पाहिली होती, समोर दोन पोरं चेकाळून खेळत होती, बाकीची ओरडत होती. सरांनी जे समजायचं ते समजून घेतलं. जुगार.

घरमालकांनी भाऊंना वर बोलावलं. मलाही बोलावलं, का ते मला कळलं होतं. सर सोफ्यावर बसले होते. भाऊ उभे होते, हातात तो चिमटा तसाच.

"वो बारी है, साहब," भाऊ म्हणाले. "जिसका सिक्का, उसकी बारी."

"बारी का पैसा मशीन के अंदर जाएगा कि ऊपर सजाया जाएगा?" सर हसले. "हमको बच्चा समझ रखा है क्या?"

भाऊ गोंधळले. जी गोष्ट दुकानातल्या सगळ्यात लहान पोरालाही समजावावी लागली नव्हती, ती एवढ्या शिकलेल्या माणसाला कशी सांगायची, हे त्यांना सुचेना. मग त्यांची नजर माझ्यावर पडली आणि चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा मी विसरू शकलेलो नाही.

"इससे पूछो ना! बचपन से मेरे यहाँ खेलता है. अपना ही लड़का है. बता रे."

घरमालकांनी माझ्याकडे पाहिलं. "हाँ भाई, तुम बताओ. पैसे लगते हैं वहाँ?"

एक वाक्य पुरलं असतं. पैसे लावले म्हणून मला स्टुलावर उभं केलं होतं, एवढं सांगितलं असतं तरी सर गप्प बसले असते. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या गाळ्यात ओळीने मांडलेले कॉम्प्युटर होते, वर माझ्या नावाचा बोर्ड होता.

"मुझे ठीक से पता नहीं," मी म्हणालो.

बंद पडलेल्या मशिनीकडे भाऊ जसे बघत, तसे माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे. आतलं काय तुटलं ते शोधत असल्यासारखे. मग नमस्कार करून बाहेर पडले. मीही निघालो, कारण तिथे थांबणं त्याहून वाईट दिसलं असतं. जिना अंधारा होता. ते पुढे, मी मागे. खालून त्यांचा आवाज आला, "सांभाळून उतर. शेवटची पायरी तुटली आहे."

घरमालकांच्या सांगण्यावरून महिन्याअखेरीला भाऊंनी गाळा रिकामा केला. मशिनी मेटॅडोरमध्ये चढवल्या, किल्ली माझ्या हातात दिली. माठ मात्र कोपऱ्यातच ठेवला. "राहू दे," म्हणाले. "पोरं येतील, त्यायले लागन."

तोपर्यंत गाळ्यात माझा पहिला कॉम्प्युटर येऊन पडला होता. त्याच्यात पत्त्यांचा एक साधा खेळ होता. भाऊ दोन मिनिटं समोर बसले. खुर्चीत बसून खेळायचं, याचंच त्यांना नवल वाटलं.

"हरल्यावर काय होते?"

"काही नाही, भाऊ. परत सुरू करायचं. पैसे नाही लागत."

"अच्छा." त्यांनी विचार केला. "अन् बाजूला कोणी नसते?"

"नाही. एकटाच."

"मंग हरलं हे कळते कोणाले?" एवढं बोलून ते उठले आणि मेटॅडोरमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. कुठे चालले, हे मी विचारलं नाही.

माझं दुकान जोरात चाललं. पोरं येऊन गेमच खेळत. फरक एवढाच, की आता तासाचे पैसे होते आणि हरलेल्याकडे कोणी बघत नव्हतं. एकाने कीबोर्डवर पाणी सांडलं तेव्हा मी प्रत्येक मॉनिटरच्या बाजूला छापील पट्टी चिकटवली: 'पानी लाना मना है.' माठ मागच्या गल्लीत ठेवला. तिथे तो कधी फुटला, मला माहीत नाही. हे मात्र खरोखरच माहीत नाही.

मग मोबाईल आले आणि माझ्या दुकानातली पोरंही एकेक करून गेली. कॉम्प्युटर भंगारवाल्याला दिले, गाळा सोडला. आता मी दुकानांत, गोदामांत कॅमेरे बसवून देतो. तुमच्या नकळत कोण काय करतं ते तुम्हाला दिसावं, हा माझा धंदा. देवालाही विनोद सुचतो तो असा.

यंदा गव्हाच्या हंगामात एका आडत्याकडे कॅमेरे बसवायला जबलपूरजवळच्या पाटणला गेलो होतो. काम आटोपून धान्याच्या मंडीसमोर चहा घेत होतो. शेजारच्या पत्र्याच्या शेडमधून आवाज आला. आधी बटणांचा खडखडाट, मग दहा-बारा गळ्यांतून एकदम 'अरे रे रे!' मी आत डोकावलो. गव्हाच्या भुशाने माखलेले शेतकरी एका मशिनीभोवती दाटीने उभे होते. मंडीत माल तोलायला वेळ लागतो. बारी येईपर्यंत ही मंडळी इथे विमानं पाडत होती. एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ पागोटं सावरत बटणं बडवत होते आणि त्यांचा जावई मागून सूचना करत होता, "बाबूजी, बाएँ! बाएँ!"

मशिनीच्या काचेवर नाण्यांची ओळ होती.

भाऊ माठाशी बसले होते. केस सगळे गेलेले, चष्म्याची काच जाड झालेली. मी पुढे गेलो.

"भाऊ, ओळखलं का?"

"हात दाखव," ते म्हणाले. मी हात पुढे केला. त्यांनी माझा डावा अंगठा दाबून पाहिला. "तू तो. डाव्या हातानं बटण दाबणारा. माझं एक पैंजण तूच घासून संपवलं."

त्यांनी मला सगळं फिरवून दाखवलं, जसं कोणी नवं घर दाखवतं. जुन्या मशिनींची हाडं तीच होती, पण पोटात आता कॉम्प्युटर होता. ते स्वतः शिकले होते, जबलपूरला जाऊन सुटे भाग आणून जोडले होते. "कॉम्प्युटर वाईट कोठी आहे?" ते म्हणाले. "त्याले फक्त चारचौघात उभं करा लागते."

शेवटच्या मशिनीपाशी ते थांबले. आतला मॉनिटर थोडा बाहेर डोकावत होता. बाजूला पिवळी पडलेली पट्टी होती: 'पानी लाना मना है.' मशिनीवर पाण्याचा पेला ठेवला होता.

"तुझाच आहे. भंगारवाल्याकडून घेतला. कागद निघून नाही राहिला," ते म्हणाले आणि खळखळून हसले. मला हसता आलं नाही. मी त्यांना शेडच्या कडेला नेलं आणि हळू आवाजात सुरुवात केली, "भाऊ, त्या दिवशी वर... मला माहीत होतं..."

त्यांनी हात वर केला.

"मले काहून सांगतो? मले तर तेव्हाच माहीत होतं." आवाज शांत होता. मग त्यांनी शेडच्या मधोमध ठेवलेल्या स्टुलाकडे नुसतं पाहिलं.

मी घड्याळ बघितलं. बस आहे म्हणालो. निघून आलो.

पाटण ते जबलपूर काही लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपेना. खिडकीतून शेतं मागे जात होती आणि मी हिशेब मांडत होतो. नववीतला पोरगा त्या स्टुलावर चढला होता. त्याला इभ्रत नव्हती का? होती. वर्गात तोंड दाखवायचं होतं त्याला. तरी चढला. आणि मी, केस पिकलेला माणूस, बसचं निमित्त काढून पळालो होतो.

बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "परत कधी जाऊन राहिले तुम्ही?"

पुढच्या आठवड्यात गेलो. कामाशिवाय गेलो. शेड भरलेलं होतं. मारामारीच्या गेमवर डाव रंगात आला होता. मी बाहेरच थांबलो, डाव संपू दिला. हरलेल्याला पाणी मिळालं. मग मी आत गेलो आणि स्टुलावर चढलो. गुडघा कुरकुरला, स्टूल डगमगलं, कोणीतरी म्हणालं, "पंखा सुधारने वाले आए हैं क्या?" सगळे हसले. भाऊंनी चष्मा वर केला.

या वेळी मी भिंतीकडे पाहिलं नाही.

"जबलपुर में भाऊ की दुकान थी," मी म्हणालो. आवाज फाटला, पुन्हा सुरुवात केली. "जबलपुर में भाऊ की दुकान थी. लोगों ने कहा, वहाँ जुआ चलता है. मुझसे पूछा गया. मुझे पता था कि काँच पर जो सिक्का रहता है वो बारी का है. मुझे पता था कि भाऊ पैसे लगाने नहीं देते. मैंने कहा, मुझे पता नहीं. मैं झूठ बोला. मुझे वो दुकान चाहिए थी."

शेडमध्ये कोणी हसलं नाही. मशीन आपली एकटीच गाणं वाजवत होती. मग मी भाऊंकडे वळलो आणि मराठीत म्हणालो, "भाऊ, माझं चुकलं. मला माफ करा."

पांढऱ्या मिशांचे ते गृहस्थ आजही आलेले होते. त्यांनी जावयाला कोपराने ढोसलं. "देख क्या रहे हो? पहले इनको पानी दो."

पण भाऊ आधीच उठले होते. माठात पेला बुडवून ते गर्दीतून वाट काढत आले. वाटेत अर्धं पाणी त्यांच्याच सदऱ्यावर सांडलं. उरलेलं त्यांनी माझ्यासमोर धरलं आणि दुसरा हात मला धरायला पुढे केला.

"सांभाळून उतर," ते म्हणाले.